व्यासपीठ उभारणारी मुले

आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी विद्यापीठात शिकत असेल, तर अलीकडे घरात एक शब्द वारंवार कानी पडतो. तो शब्द म्हणजे 'टेडेक्स'. मुले रात्री उशिरा परततात, सतत कोणाशी तरी दूरध्वनीवर बोलत असतात, सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, वक्त्यांची तिकिटे, प्रायोजक असे विषय जेवणाच्या पानावर येतात, आणि आई-वडील एकमेकांकडे पाहून विचारतात, "हे सारे कशासाठी? अभ्यास केव्हा करणार?" या प्रश्नाची थट्टा करण्याचे कारण नाही. पालकांनी तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे तर हा उपक्रम आहे काय, तो आला कोठून, आणि आपल्या परंपरेत त्याला काही पूर्वज आहे किंवा नाही, हे आधी समजून घ्यावे लागेल.

इंग्रजीतील तंत्रज्ञान, मनोरंजन आणि संकल्पन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून 'टेड' हे नाव तयार झाले. १९८४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, माँटेरे या गावी, रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी या नावाची पहिली परिषद भरविली. ती आर्थिकदृष्ट्या तोट्यात गेली आणि दुसरी परिषद भरण्यास १९९० साल उजाडले. पुढे २००१ साली ख्रिस अँडरसन यांच्या सॅपलिंग प्रतिष्ठानाकडे तिची सूत्रे आली. २००६ पासून तेथील व्याख्याने इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहावयास मिळू लागली आणि मूठभर निमंत्रितांची ही परिषद जगभर पोचली. २००९ साली या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. गावोगावच्या लोकांनी आपापल्या ठिकाणी, आपल्याच जबाबदारीवर असे कार्यक्रम करावेत, म्हणून तिने परवाने देण्यास प्रारंभ केला. 'टेडेक्स' मधील 'एक्स' हे अक्षर स्वतंत्रपणे आयोजित केलेला कार्यक्रम एवढेच सुचविते. यांपैकी पहिला कार्यक्रम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे जगातील विद्यापीठांनी, आणि त्यांत आपल्या देशातील विद्यापीठांनीही, हा प्रकार उचलून धरला. बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थीच चालवितात.

या कार्यक्रमांचे नियम पाहिले म्हणजे त्यांमागची शिस्त ध्यानात येते. कोणत्याही वक्त्याने १८ मिनिटांपेक्षा अधिक बोलावयाचे नाही. वक्त्याला मानधन नाही. आयोजकांनी नफा मिळवावयाचा नाही. प्रायोजक घेता येतो, परंतु व्यासपीठावरून आपल्या मालाची जाहिरात करण्याची त्याला मुभा नाही, आणि वक्ते निवडण्याचा अधिकारही त्याला नाही. आयोजकाने मूळ परिषदेस पूर्वी हजेरी लावलेली नसेल, तर श्रोत्यांची संख्या १०० च्या आत ठेवावी लागते. प्रत्येक व्याख्यानाची चित्रफीत करून ती संस्थेकडे पाठवावी लागते. भाषेचे मात्र बंधन नाही. कार्यक्रम कोणत्याही भाषेत करता येतो.

अशा लहान व्यासपीठांवरून मोठे विचार पुढे आल्याची उदाहरणे आहेत. नेतृत्वाविषयी सायमन सिनेक यांचे जे व्याख्यान आज जगभर व्यवस्थापनाच्या वर्गांतून दाखविले जाते, ते २००९ साली अमेरिकेतील प्यूजेट साउंड येथील अशाच एका स्थानिक कार्यक्रमात झाले होते. आपल्याकडील नवनिर्मितीचे उदाहरण हवे असेल तर अरविंद गुप्ता यांचे घ्यावे. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनविली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे हे त्यांचे साहित्य. त्यांचे व्याख्यानही टेडच्या संकेतस्थळावरून जगापुढे गेले. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथील शिक्षकाला त्याचे मोल विशेष कळेल.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक सभा

आता असा समज होण्याचा संभव आहे, की विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन व्याख्याने घडवून आणावीत ही अमेरिकेची देणगी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची वादसभा १८१५ साली आणि ऑक्सफर्डची १८२३ साली स्थापन झाली होती. पण त्याहून जवळचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे.

१८४८ च्या जून महिन्यात मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तेव्हा मुंबई विद्यापीठही नव्हते. ते १८५७ साली निघाले. प्राध्यापक जोसेफ पॅटन हे या सभेचे पहिले अध्यक्ष. सभासदांमध्ये अवघे २२ वर्षांचे दादाभाई नवरोजी होते, आणि गोव्यातील पेडणे महालाच्या मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे आपण ज्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखतो, तेही होते. पुढे भाऊ दाजी या सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

सभेची पद्धत साधी होती. एकाने निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावयाची. सारा व्यवहार इंग्रजीत चाले. परंतु या तरुणांच्या लवकरच ध्यानात आले, की आपण इंग्रजीत कितीही चांगले बोललो, तरी आपल्याच घरातील आई, बहीण, काका आणि शेजारचा व्यापारी यांच्यापर्यंत त्यातले काही पोचत नाही. म्हणून त्याच वर्षी सभेच्या दोन देशी शाखा निघाल्या, एक मराठी आणि एक गुजराती. दोहोंच्या नावांत 'ज्ञानप्रसारक' हा शब्द होता. मराठी शाखेचे अध्यक्षपद मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. 'प्रसार व्हावा अशा कल्पना' हे टेडचे अनेक वर्षे ब्रीद होते. ते ऐकताना आपल्या पूर्वसूरींनी प्रसार हाच शब्द सभेच्या नावात गोवला होता, याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

वडोदऱ्याच्या आणि सुरतेच्या वाचकांना याच वातावरणातील आणखी एक नाव जवळचे वाटेल. सुरतेचा नर्मदाशंकर, म्हणजे कवी नर्मद, एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना मित्रांसह अशाच एका तरुण मंडळीत सामील झाला. वयाच्या १७-१८ व्या वर्षी त्याने तेथे जे भाषण केले, त्याचा विषयच मंडळी स्थापन केल्याने होणारे लाभ हा होता. गुजराती गद्याचा इतिहास सांगणारे लोक या भाषणापासून आरंभ करतात. एका विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण एका भाषेच्या गद्याचा प्रारंभबिंदू ठरावे, यापेक्षा विद्यार्थ्यांच्या व्यासपीठाचा गौरव तो कोणता?

बोलणे संपल्यानंतर

तथापि १८४८ च्या सभेचे खरे मोठेपण तिच्या व्याख्यानांत नव्हते. १८४९ च्या ऑगस्टमध्ये बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या. येथवर सर्व काही आजच्या कार्यक्रमांसारखेच घडले. परंतु पुढे जे घडले ते निराळे होते. सभासदांनी ठरविले, की मुलींना शिकविणे योग्य आहे असे आपले मत असेल, तर शिकविण्यास आपणच उभे राहिले पाहिजे. ते दारोदार हिंडले. मुलींना पाठवा म्हणून त्यांनी वडीलधाऱ्यांची मनधरणी केली. काही घरांत जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी मिळाल्याची आठवण दादाभाईंच्या चरित्रात नोंदलेली आहे. तरीही त्याच वर्षी पारशी मुलींसाठी चार आणि मराठी मुलींसाठी तीन शाळा सुरू झाल्या. सकाळच्या वेळी, स्वतःच्या कामापूर्वी, हे तरुण तेथे बिनपगारी शिकवीत. मग कामा कुटुंबासारखे दाते आणि नाना शंकरशेट यांच्यासारखे पुढारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्यापूर्वी होत्या, आणि पुण्यास १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात शाळा काढली होती. तेव्हा पहिलेपणाचा मान मुंबईच्या विद्यार्थ्यांना देण्याचे कारण नाही. मात्र ऐकलेल्या निबंधातून दोन-अडीच महिन्यांत सात शाळा निघाव्यात, हा त्यांचा विशेष कोणी नाकारू शकणार नाही. त्या काळी 'नवनिर्मिती' आणि 'नेतृत्व' हे शब्द त्यांच्या पत्रिकेवर छापलेले नव्हते. दोन्ही गोष्टी मात्र त्यांच्या हातून घडल्या.

या मापाने आजच्या कार्यक्रमांकडे पाहिले की त्यांचे उणेपणही दिसते. हा आक्षेप केवळ आमच्यासारख्या जुन्या वळणाच्या शिक्षकांचा नाही. २०१३ साली सॅन डिएगो येथील टेडेक्सच्याच व्यासपीठावरून बेंजामिन ब्रॅटन या प्राध्यापकांनी या प्रकारावर कठोर टीका केली. अवघड प्रश्न सोपे आणि सुखकर करून सांगितले, की श्रोत्याला आपण काही केल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात प्रश्न होता तेथेच राहतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अठरा मिनिटांत अंगावर रोमांच उभे राहतात हे खरे. पण रोमांच हे काही काम नव्हे.

मग पालकांनी मुलांना अडवावे काय? माझे मत तसे नाही. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता, अशा कार्यक्रमात सर्वांत अधिक शिकतो तो व्यासपीठावरचा वक्ता नव्हे, समोरचा श्रोताही नव्हे. शिकतो तो पडद्यामागचा विद्यार्थी. परवान्यासाठी अर्ज लिहिणे, विषय ठरविणे, आपल्याहून वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला "आपले भाषण चार मिनिटांनी कमी करा" असे नम्रपणे सांगणे, हिशेब चोख ठेवणे, ऐनवेळी वीज गेली तर न डगमगणे, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. नेतृत्वावरील भाषण ऐकून नेतृत्व येत असते, तर आपल्या देशात पुढाऱ्यांची उणीव कधीच भासली नसती. ते येते जबाबदारी अंगावर घेतल्याने.

म्हणून मुलाने किंवा मुलीने अशा कार्यक्रमाची गोष्ट घरी काढली, तर आई-वडिलांनी प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, वक्ते कोण आहेत? केवळ यशाच्या कहाण्या सांगणारेच आहेत, की ज्यांनी एखाद्या प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंज घेतली आहे असेही कोणी आहेत? आपल्या शहरातील परिचारिका, शेतकरी, कारागीर, ग्रंथपाल यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही काय? दुसरी, पैसा कोणाचा आणि हिशेब कोणाकडे? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, दुसऱ्या दिवशी काय करणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांजवळ नसेल तर रागावू नये. ते शोधण्यास त्यांना मदत करावी.

आपल्या मंडळांचे काय?

या निमित्ताने महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी संस्थांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, वडोदरा, बेळगाव, जेथे जेथे आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावला, तेथे तेथे गणेशोत्सवातील व्याख्याने, मेळे, वाचनालये आणि व्याख्यानमाला यांनी तो बांधून ठेवला. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने झाला. तिचा आदर्श आपण सर्वांनीच डोळ्यांपुढे ठेवला. आज मात्र आपल्या व्याख्यानमालांत पांढरे केस अधिक आणि काळे केस थोडे, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्याच वेळी आपलीच मुले विद्यापीठात शंभर माणसांचा कार्यक्रम रात्रंदिवस खपून उभा करीत आहेत. म्हणजे मुलांना व्याख्यानांचा कंटाळा आहे असे नव्हे. दुसऱ्याने मांडलेल्या सतरंजीवर येऊन नुसते बसण्याचा त्यांना कंटाळा आहे.

तेव्हा मंडळाच्या चालकांनी वर्षातील एक संध्याकाळ तरी संपूर्णपणे तरुणांकडे सोपवावी. विषय त्यांनी निवडावा, वक्ते त्यांनी आणावेत, खर्चाचा आकडा आधी ठरवून द्यावा आणि मग वडीलधाऱ्यांनी मागच्या रांगेत बसावे. भाषणे १८ मिनिटांचीच असोत. आपल्या कित्येक अध्यक्षीय समारोपांनाही ही मर्यादा मानवेल. मुलांची मराठी अडखळेल, मध्ये हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू शब्द येतील. ते येऊ द्यावेत. शुद्धलेखनाचे धडे नंतरही देता येतील. पण व्यासपीठावर हसू झालेले मूल पुन्हा त्या भाषेत बोलण्यास उभे राहत नाही.

एल्फिन्स्टनच्या त्या तरुणांना इंग्रजी उत्तम येत होते, आणि तरीही ते मराठीकडे व गुजरातीकडे वळले. कारण ज्यांच्यासाठी काही करावयाचे त्यांच्या भाषेत बोलावे लागते, हे त्यांना उमगले होते. आपल्या मुलांनी विद्यापीठाच्या सभागृहात इंग्रजीत नवनिर्मितीवर खुशाल बोलावे. फक्त त्यातले जे चांगले असेल, ते एकदा घरी येऊन आजीला मराठीत समजावून सांगावे. आजीला ते पटले, आणि तिने "मग आता करणार काय?" असे विचारले, तर कार्यक्रमाचा उरलेला भाग तेथून सुरू होईल.