गावकरीपासून घटक राज्यापर्यंत : गोमंतकाची वाटचाल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते इतिहास शिकविताना नकाशा आधी आणि सनावळ्या नंतर सांगत. आज मी त्याच क्रमाने जाणार आहे. विषय आपल्या पायांखालचा आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश वसला कसा, आणि ३० मे १९८७ रोजी भारताचे पंचविसावे राज्य कसा झाला?

समुद्राकाठच्या तालुक्यांची नावेच वसाहतीची साक्ष देतात. तिसवाडी म्हणजे तीस वाड्यांचा समूह आणि साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा, अशी परंपरा आहे. या वाड्या तयार जमिनीवर वसल्या नाहीत. मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी दूरवर आत शिरते. ते अडविण्यासाठी माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घातले गेले आणि बांधांत मानशी बसविल्या गेल्या. मानशीची दारे भरतीला पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. अशा रीतीने मिळविलेली जमीन म्हणजे खाजन. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर साऱ्या गावाचे शेत खारे होते. म्हणून येथे एकट्या शेतकऱ्याला जगता येत नव्हते. गाव एकत्र राहिला, कारण पाण्याने त्याला एकत्र राहण्यास भाग पाडले.

या गरजेतून गावकरी ही संस्था आकारास आली. गावची जमीन सामायिक असे व ती लिलावाने कसायला दिली जाई. उत्पन्नातून बांधांची डागडुजी, देवस्थानाचा खर्च, बलुतेदारांचे मानधन आणि राजाचा कर भागविला जाई. उरलेले धन गावकरांत वाटले जाई. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे शहर घेतले. त्यानंतर १५२६ च्या ‘फोराल’ या सनदेत त्यांनी हे रिवाज लिहून घेतले. ओसाड जागी आलेल्या चार माणसांनी जमीन लागवडीस आणली आणि म्हणून त्यांना गावकर म्हणू लागले, ही आख्यायिका त्या सनदेत नोंदलेली आहे. तिच्यातला गर्भितार्थ लक्षात घ्यावा. जो आधी आला त्याचा गाव, आणि हा हक्क वंशपरंपरेने, तोही पुरुषांच्या शाखेत चालणारा. जो नंतर आला, जो प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध घालत होता, तो कूळ किंवा मुंडकार राहिला. हा प्रश्न पुढे चार शतके सुटला नाही.

आता नकाशाकडे वळू. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेल्या. तेथील देवळे मोडली गेली, तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. नदी हीच सरहद्द झाली. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्या. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि स्थानिक धर्माचार बहुतांशी अबाधित राहिले. तेथे कीर्तन, पोथी आणि पंतोजींची शाळा मराठीत चालली. सत्तरीच्या राण्यांनी तर १८५२ मध्ये दीपाजी राण्यांच्या नेतृत्वाखाली बंडाचा झेंडा उभारला. अशा प्रकारे एकाच सत्तेखाली दोन वेगळे इतिहास नांदत होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. १९६३ च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मागणी विलीनीकरणाची होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा तिला विरोध होता. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल होती, तर विरोधाची दोन पाने. १,३८,१७० मते फुलाला आणि १,७२,१९१ मते दोन पानांना पडली. ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला.

या कौलाचा अर्थ पुष्कळदा धर्माच्या एका मापाने लावला जातो. तो अपुरा आहे. नव्या काबिजादींतील कुळाला महाराष्ट्रात भाषेइतकेच कूळकायद्याचे आश्वासन दिसत होते. जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती समाजाला मोठ्या राज्यात आपण विरून जाऊ, ही भीती होती. परंतु विरोधात अनेक हिंदूही होते. विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लढलेले ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होते, हे मराठीच्या अध्यापकाने विसरू नये. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या घरात फूल होते आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात दोन पाने. कित्येक महिने दोन्ही घरांत बोलणे नव्हते. विहीर मात्र एकच होती.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कौलात घटक राज्याचा पर्याय नव्हताच. विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढेच विचारले होते. राज्यापर्यंतची वाट पुढे वीस वर्षांची ठरली आणि ती दोन टप्प्यांतून गेली. पहिला टप्पा जमिनीचा. १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीतील १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला व घरात राहणाऱ्याला कायद्याचा आधार दिला. ज्यासाठी अनेकांनी फुलाला मत दिले होते, ते विलीनीकरणावाचून साधले. दुसरा टप्पा भाषेचा. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. त्यानंतरच्या दशकात राजभाषेसाठी आंदोलन पेटले. त्यात प्राणहानीही झाली. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद राहिली. त्याच वर्षी छप्पन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर गोवा राज्य झाला आणि दमण व दीव वेगळे झाले.

ही तडजोड कोणालाच पूर्ण समाधान देणारी नव्हती. मराठीचा अभिमानी म्हणून मलाही ती तेव्हा सलली. आज वाटते, तिच्याविना राज्य उभे राहिले नसते. मराठी येथे कौलापूर्वीही होती आणि कौलानंतरही आहे. तिचे आयुष्य राज्याच्या नावावर अवलंबून नव्हते, ते अशा शाळांवर अवलंबून होते व आहे.

उरतो तो पहिला प्रश्न, गाव कोणाचा? गावकरीने उत्तर दिले, आधी आलेल्याचा. कूळकायद्याने दिले, कसणाऱ्याचा. राज्यघटनेने दिले, नागरिकाचा. परंतु हक्क बदलला तेव्हा बांधाची जबाबदारीही गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि अनेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. मानशी मोडल्या, खाजने पडीक पडली, पडीक जमिनीला गिऱ्हाईक मिळाले. राज्य मिळविणाऱ्या पिढीने सरहद्दीचा प्रश्न सोडविला. गावकरांना बांध पाण्याने शिकविला होता. आपल्याला तो समजून-उमजून राखावा लागेल. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या बांधावर एकदा चालून यावे, एवढीच गुरुजींच्या स्मरणार्थ माझी विनंती आहे.