विश्लेषण : घरच्या 'नॅस'मधील फायली प्रवासात कशा उघडाव्यात? पोर्ट खुला ठेवणे धोक्याचे का?

फोनमधील जागा संपली, क्लाउडचे मासिक भाडे नकोसे झाले, की घरात राउटरशेजारी एक छोटी पेटी येऊन बसते. कुटुंबाचे फोटो, लग्नाचे व्हिडीओ, सातबारा आणि विमा पॉलिसीच्या स्कॅन प्रती असे सारे तिच्यात साठत जाते. घरात असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. गावाला किंवा परदेशी गेल्यावर मात्र नेमकी तीच फाइल हवी असते. मग एखादा व्हिडीओ पाहून राउटरमध्ये 'पोर्ट' उघडला जातो. घरगुती साठ्यांवरील अलीकडचे काही मोठे हल्ले अशाच उघड्या वाटेने झाले. त्याला सुरक्षित पर्याय आहे आणि तो फार अवघडही नाही.

'नॅस' म्हणजे काय? ते बाहेरून का उघडत नाही?

'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज' म्हणजेच नॅस. एक किंवा अधिक हार्ड डिस्क असलेला हा छोटा संगणकच असतो. घरातील फोन, टीव्ही, लॅपटॉप वाय-फायवरून त्यातील फायली पाहू शकतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या तयार पेट्या मिळतात; काही जण जुन्या संगणकाचाच नॅस करतात.

घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर एक खासगी पत्ता देतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. हा पत्ता फक्त त्या घरापुरता असतो. लाखो घरांत हाच पत्ता वापरात असू शकतो. बाहेरच्या जगाला केवळ राउटरचा सार्वजनिक पत्ता दिसतो आणि बाहेरून न बोलावता आलेली मागणी राउटर सहसा आत सोडत नाही. ही अडचण नव्हे, संरक्षण आहे.

पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये धोका काय?

'अमुक क्रमांकाच्या पोर्टवर आलेली मागणी नॅसकडे पाठव,' अशी सूचना राउटरला देणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. त्यानंतर नॅसचे लॉगिन पान जगात कुठूनही उघडते. मालकाला आणि इतर सर्वांनाही. पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणून तो गुप्त राहत नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत आणि ते सगळे तपासून उघडे पोर्ट टिपणारी स्वयंचलित यंत्रणा अखंड सुरू असते. पोर्टचा क्रमांक बदलल्याने शोध थोडा लांबतो, टळत नाही.

पासवर्ड मजबूत असला तरी प्रश्न सुटत नाही. नॅसच्या सॉफ्टवेअरमध्येच त्रुटी असेल, तर हल्लेखोराला पासवर्डची गरजही पडत नाही. अनेक राउटरमध्ये 'यूपीएनपी' ही सोय सुरू असते. तिच्यामुळे उपकरणे मालकाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतात.

याआधी काय घडले आहे?

एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' या हल्ल्यात क्यूनॅपच्या नॅसमधील फायली पासवर्ड घातलेल्या झिप स्वरूपात बंद करून ०.०१ बिटकॉइनची खंडणी मागण्यात आली. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' उपकरणांना इंटरनेटवरून 'फॅक्टरी रीसेट'चा आदेश गेला आणि अनेकांचा वर्षानुवर्षांचा साठा पुसला गेला. २०१० मध्ये बाजारात आलेल्या या उपकरणांसाठी २०१५ नंतर नवे अपडेट आलेलेच नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने पुन्हा क्यूनॅपच्या ग्राहकांना गाठले. या वेळी मागणी ०.०३ बिटकॉइनची होती. त्यानंतर कंपनीनेच पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी हल्लेखोरांना चकवून १५५ फायली-मुक्तीच्या किल्ल्या मिळवल्या. पण सगळ्याच पीडितांच्या नशिबी अशी सुटका नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या नॅसमधील गंभीर त्रुटी उघड झाली. उत्पादनाचा आधारकाळ संपल्याने दुरुस्ती मिळणार नाही, उपकरण बदला, असे कंपनीने सांगितले.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

तत्त्व साधे आहे. नॅसला इंटरनेटवर नेऊ नये; फोनलाच घरच्या नेटवर्कमध्ये आणावे. हे काम व्हीपीएन करते. घरातील राउटरवर, नॅसवर किंवा एखाद्या छोट्या संगणकावर व्हीपीएनचे सर्व्हर सॉफ्टवेअर बसवले जाते आणि फोनमध्ये त्याचे अॅप. अॅप सुरू केले, की फोन आणि घर यांच्यात एन्क्रिप्ट केलेला बोगदा तयार होतो. नाशिकचा नॅस नागपूरच्या हॉटेलात बसून घरच्यासारखाच उघडता येतो आणि मधल्या वाय-फाय चालकाला त्यातील मजकूर वाचता येत नाही.

यासाठी 'वायरगार्ड' हा सध्याचा लोकप्रिय पर्याय. मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा असल्याने तपासणे सोपे जाते. त्यात पासवर्डऐवजी प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र किल्ली असते. योग्य किल्लीशिवाय आलेल्या मागणीला तो उत्तरच देत नाही. त्यामुळे वायरगार्डसाठी एक पोर्ट उघडावा लागला, तरी दार ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेच कळत नाही. फोन हरवल्यास त्या फोनची किल्ली यादीतून काढली, की त्याचा प्रवेश बंद. जुना 'ओपनव्हीपीएन'ही विश्वासार्ह आहे. अनेक राउटरमध्ये तो तयारच मिळतो.

'सीजीनॅट' असेल तर काय करायचे?

आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडत असल्याने इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. हीच 'सीजीनॅट' पद्धत. भारतातील अनेक फायबर जोडण्यांवर ती आढळते. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावरील 'वॅन' पत्ता आणि 'माझा आयपी पत्ता' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता वेगवेगळे असतील, तर मध्ये बहुधा सीजीनॅट आहे. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर शंका घ्यायला जागाच नाही. हा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवला आहे.

अशा घरांसाठी 'टेलस्केल', 'झीरोटियर' यांसारख्या सेवा उपयोगी पडतात. टेलस्केल वायरगार्डवरच उभारलेली आहे. नॅस आणि फोन दोन्ही आतून बाहेर जोडणी करतात, मध्यवर्ती सेवा त्यांची ओळख पटवून देते आणि शक्य असेल तेव्हा दोघे थेट बोलू लागतात. थेट वाट मिळाली नाही, तर डेटा मधल्या सर्व्हरवरून जातो, पण एन्क्रिप्ट होऊनच. पोर्ट उघडावा लागत नाही. मात्र या सेवेत ज्या ईमेल खात्याने लॉगिन केले, ते खाते हीच घराची किल्ली ठरते. त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी हवीच. दुसरा मार्ग म्हणजे इंटरनेट कंपनीकडून जादा शुल्क भरून 'स्टॅटिक आयपी' घेणे.

नॅस कंपनीचीच सेवा पुरेशी नाही का?

सिनॉलॉजीचे 'क्विककनेक्ट', क्यूनॅपचे 'मायक्यूनॅपक्लाउड' या सेवा काही मिनिटांत सुरू होतात. उघड्या पोर्टपेक्षा ही वाट बरी. पण लॉगिन पान इंटरनेटवरून पोहोचण्याजोगेच राहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडमधील हॅकिंग स्पर्धेत सिनॉलॉजीच्या फोटो अॅपमधील एक त्रुटी दाखवण्यात आली. तिचा फायदा घेण्यासाठी मालकाने काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. कंपनीने लगेच दुरुस्ती दिली. मात्र क्विककनेक्टमार्गेही ही त्रुटी गाठता येत असल्याचे संशोधकांनी सांगितले. ही सेवा वापरायचीच असेल, तर स्वयंचलित अपडेट सुरू ठेवणे, 'अॅडमिन' हे मूळ खाते बंद करणे आणि द्विस्तरीय पडताळणी या तीन गोष्टी अनिवार्य समजाव्यात.

जाहिरातीतील व्हीपीएन चालेल का?

नाही. दरमहा पैसे घेणारे व्यावसायिक व्हीपीएन फोनला त्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडते, घराशी नव्हे. 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तोही जनतेला अशी सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी. घरच्या नॅसपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःचे व्हीपीएन उभारणे ही वेगळी गोष्ट आहे.

घराबाहेर पडण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली चाचणी घरातच करावी. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून नॅस उघडून पाहावा. घरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर तो आधीच बदलावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५७, हॉटेलचे वाय-फायही त्याच आकड्यांचे निघाले, तर फोन गोंधळतो. वेगाची अपेक्षाही वास्तव हवी. बाहेर मिळणारा वेग घरच्या 'अपलोड'वर ठरतो. तो २० एमबीपीएस असेल, तर एक जीबीचा व्हिडीओ उतरायला साधारण सात मिनिटे लागतात.

वीज गेल्यावर नॅस आणि राउटर आपोआप सुरू होतात का, हेही पाहावे. शक्य असल्यास दोन्ही यूपीएसवर ठेवावेत. जाताना राउटर कसा बंद-सुरू करायचा, हे घरातील किंवा शेजारच्या कोणाला दाखवून ठेवल्यास परदेशातून फोनाफोनी वाचते.

शेवटची गोष्ट बॅकअपची. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी 'रेड' रचना डिस्क बिघडल्यास वाचवते. खंडणीखोरांनी फायली बंद केल्या, तर दोन्ही डिस्कवर त्या बंदच होतात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातील एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम पाळावा. महिन्यातून एकदा बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी, केबल काढावी आणि ती डिस्क भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कपर्यंत कोणताही हल्लेखोर इंटरनेटवरून पोहोचू शकत नाही.