काळ्या पडद्याला प्रश्न

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेच्या संगणक कक्षात शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू होते. शेवटचा दिवस होता आणि सात अर्ज उरले होते. दुपारी वीज कडाडली. थोड्याच वेळात पडद्यावरचे पान उघडेना. "सर, नेट गेले!" मुली ओरडल्या. कोणी म्हणाले, संगणक बिघडला. कोणी म्हणाले, तार तुटली. बिघाड नेमका कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मुलांनो, हे संगणकालाच विचारता येते. विंडोजच्या शोधचौकटीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबा. एक काळी खिडकी उघडते. तेथे चित्रे नसतात. आपण शब्द लिहायचा आणि संगणकाने उत्तर द्यायचे. या शब्दाला मराठीत आज्ञा म्हणतात; उर्दूत आपण हुक्म म्हणतो. संगणकाने दिलेल्या जवाबाला मात्र मराठीत 'उत्तर' म्हणा, कारण मराठीतला 'जबाब' बहुधा पोलीस घेतात!

'होस्टनेम' ही आज्ञा दिली की संगणक आपले नाव सांगतो. 'सिस्टिमइन्फो' दिली की विंडोजची आवृत्ती, मेमरी, संगणक केव्हा सुरू झाला, अशी लांबलचक माहिती येते.

आमच्या कामाची आज्ञा होती 'आयपीकॉन्फिग'. तिच्या उत्तरात दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक आपल्या संगणकाचा पत्ता. दुसरा 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा. चंद्रपूरच्या परकोटातून नागपूरच्या वाटेला लागायचे तर जटपुरा गेट ओलांडावे लागते, तसाच हा दरवाजा. आमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर दरवाजाकडून पत्ताच मिळाला नाही असे समजलो असतो. पण तो १९२.१६८ ने सुरू होत होता.

मग 'पिंग'. ही आज्ञा १९८३ साली अमेरिकेतील माइक मूस यांनी तयार केली. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. पिंग चार छोटे संदेश पाठवते आणि प्रत्येकाचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगते. आम्ही प्रथम दरवाजाला पिंग केले. चारही उत्तरे आली. म्हणजे संगणक ठीक, शाळेतील तारही ठीक. नंतर दूरच्या ८.८.८.८ या पत्त्याला केले. एकही उत्तर नाही. काही संगणक पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून १.१.१.१ लाही विचारून पाहिले. तेथेही शांतता.

शेवटी 'ट्रेसर्ट'. नागपूरची एस.टी. भद्रावती, वरोरा, जाम असे थांबे घेत जाते. तसे संदेशाच्या वाटेवरचे थांबे ही आज्ञा ओळीने दाखवते. आमच्या पडद्यावर पहिली ओळ आली, ती दरवाजाची. पुढे नुसत्या चांदण्या.

बिघाड शाळेच्या बाहेर होता. तो दुरुस्त करणे आमच्या हाती नव्हते. मी इंटरनेट देणाऱ्यांना फोन करून एवढेच कळवले, आणि मुलींनी माझ्या मोबाइलवरून जोडणी घेतली. पाच वाजण्यापूर्वी सातही अर्ज गेले.