केरातील सोने

मुंबईत एक असा बाजार आहे, जिथे दुकानातला केरसुद्धा फेकून देत नाहीत. तो म्हणजे मुंबादेवीच्या देवळाजवळचा झवेरी बाजार. मोहम्मद अली रोडवरून तिथे पायी जाता येते. या भागातील जुन्या इमारतींत दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या लहान लहान खोल्या आहेत. सोने कापताना, कानशीने घासताना त्याचे बारीक कण खाली पडतात. ते धुळीत मिसळतात, कपड्यांना चिकटतात, हात धुतल्यावर पाण्याबरोबर मोरीत जातात. ही धूळ आणि हा गाळ गोळा करून त्यातून सोने काढणाऱ्या लोकांना मराठीत झारेकरी म्हणतात. उर्दूत त्यांनाच न्यारिया म्हणतात. 'न्यारा' म्हणजे वेगळा. सोने शुद्ध करणे म्हणजे काय, हे या एका शब्दातच सांगितले आहे. सोन्यातून जे सोने नाही, ते वेगळे करायचे.

हे काम कसे चालते, ते पाहू या. झारेकरी प्रथम धूळ पाण्यात घालून पसरट भांड्यात गोल गोल हलवतो. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असते. त्यामुळे हलकी माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि जड कण तळाशी राहतात. अतिशय बारीक कण पकडण्यासाठी पारा वापरण्याची जुनी रीत आहे. पारा सोन्याला आपल्यात ओढून घेतो. मग तापवले की पारा उडून जातो आणि सोने मागे राहते.

आता भट्टीचे काम येते. हे कण मुशीत घालतात. मूस म्हणजे फार उष्णता सहन करणारे जाड भांडे. सोबत सवागी टाकतात. तुम्ही घरी ज्याला सुहागा म्हणता, तीच ही सवागी. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. सवागी वितळून मातीचा व इतर मळाचा अंश आपल्यात घेते आणि काचेसारखी वर तरंगते. तो थर काढून टाकतात.

पण अजून सोने शुद्ध झालेले नाही. शुद्ध सोने मऊ असते, म्हणून दागिन्यांसाठी त्यात तांबे, चांदी मिसळतात. या मिश्रणाला हीण म्हणतात. २२ कॅरटच्या सोन्यात हजार भागांत सुमारे ९१६ भाग सोने असते, बाकीचे हीण. हे हीण मळासारखे वर तरंगत नाही. ते सोन्यात पूर्ण मिसळलेले असते. ते काढण्यासाठी एक युक्ती करतात. एक भाग सोन्यात सुमारे तीन भाग चांदी घालून ते पुन्हा वितळवतात. शुद्ध करायच्या सोन्यात आणखी चांदी कशाला, असे तुम्हांला वाटेल. कारण असे आहे, की नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, चांदी आणि तांबे विरघळतात. सोने विरघळत नाही. चांदी कमी असेल, तर सोने तिला झाकून ठेवते आणि तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही. चांदी पुरेशी असली, की ती सगळी विरघळते आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावणात तांब्याचे पत्रे ठेवले, की चांदी पुन्हा बाहेर पडते.

मोठ्या कारखान्यांत रीत वेगळी असते. तिथे वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडतात. त्याच्याशी संयोग होऊन हीण सोन्यापासून सुटते. त्याहून शुद्ध सोने हवे असेल, तर विजेचा उपयोग करतात.

आता ओतण्याची वेळ येते. सोन्याची भुकटी धुऊन, वाळवून पुन्हा वितळवतात आणि लोखंडी साच्यात ओततात. साचा आधी तापवून कोरडा करणे फार जरुरीचे असते. आत पाण्याचा एखादा थेंब राहिला, तर त्याची एकदम वाफ होते आणि वितळलेले सोने अंगावर उडते. सोने थिजले, की लगड तयार होते. एक किलो सोन्याची लगड तळहातावर मावते. तिच्यावर वजन आणि शुद्धता यांचा ठसा मारतात. तो ठसा पाहून अनोळखी माणूसही ती लगड विश्वासाने घेतो. मुंबईच्या फोर्ट भागातील सरकारी टाकसाळीतही सोने शुद्ध करण्याची सोय आहे. दागिन्यांवरील शुद्धतेचा ठसा जून २०२१ पासून देशातील अनेक जिल्ह्यांत सक्तीचा झाला.

मित्रांनो, इथे एक प्रश्न विचारायला हवा. सोन्यातून वेगळे केलेले ते सगळे गेले कुठे? तांब्याचे निळसर पाणी मोरीत ओतले, तर ते समुद्रापर्यंत जाते. तापवलेला पारा हवेत जातो. तेजाबात धातू विरघळताना लालसर तपकिरी धूर निघतो. तो श्वासाबरोबर आत गेला, तर फुप्फुसांना इजा करतो. झवेरी बाजाराच्या आसपासच्या इमारतींत खाली किंवा शेजारी भट्टी आणि वर माणसांची बिऱ्हाडे, असे पुष्कळ ठिकाणी आहे. रहिवाशांनी या धुराविषयी तक्रारी केल्या. मुंबईची हवा बिघडली, तेव्हा २०२३ मध्ये महानगरपालिकेने या भागातील काही भट्ट्यांची धुराडी पाडली.

पण या भट्ट्यांवर हजारो कारागिरांचे पोट चालते. त्यांतील पुष्कळजण पश्चिम बंगालमधून आलेले आहेत आणि कित्येकजण कामाच्या खोलीतच झोपतात. म्हणजे धूर सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जातो. भट्टी बंद केली, तर त्यांची रोजी जाते; आहे तशी चालू ठेवली, तर त्यांची प्रकृती जाते. यावर उपाय नाही असे नाही. धूर अल्कलीच्या पाण्यातून नेला, तर त्यातील बराच आम्लाचा अंश तिथेच अडतो. पारा बंद भांड्यात तापवून थंड केला, तर तो पुन्हा हाती येतो. मात्र यासाठी खर्च येतो आणि जागा लागते. एका खोलीतल्या कारागिराला तो एकट्याने झेपणारा नाही. दुकानदार, महानगरपालिका आणि कारागीर यांनी मिळूनच तो उचलायला हवा.

उद्या एखादा दागिना हातात आला, तर त्यावरचा ठसा जरूर पाहा. तो सोन्याची शुद्धता सांगतो. ज्या खोलीत ते सोने शुद्ध झाले, तिथली हवा कशी होती, हे मात्र तो सांगत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागते.