हळद आपली, कागद कोणाचा?



बचत गटाचा एक नियम आपल्या सगळ्याजणींना पाठ आहे. बैठकीत कितीही चांगलं बोलणं झालं, तरी ते इतिवृत्ताच्या वहीत चढलं नाही आणि खाली सह्या झाल्या नाहीत, तर बँकेच्या साहेबांपुढे त्याला किंमत नाही. विज्ञानातही हाच नियम चालतो. तिथल्या वहीला नियतकालिक म्हणतात आणि तिच्यातल्या नोंदीला शोधनिबंध. आज या शोधनिबंधाविषयी बोलूया, कारण त्याचा संबंध आपल्या हळदीशी आहे आणि आपल्या खाडीशीही आहे.

शास्त्रज्ञ काय शोधलं, कसं शोधलं, किती वेळा तपासलं हे सगळं लिहून काढतो आणि नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो लेख त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना तपासायला देतात. ते शंका काढतात, लेखक उत्तरं देतो, कधी कधी काम पुन्हा करावं लागतं. मग तो लेख नाव आणि तारखेसकट छापला जातो. पुढे कोणी तोच शोध आपला म्हणून सांगू लागलं, तर आधीचा कागद दाखवता येतो.

या कागदाची ताकद बघा. विळीवर बोट कापलं की आपण हळद दाबतो. ते आजीने शिकवलं, आजीला तिच्या आईने. पण 1995 साली अमेरिकेत, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या नावावर झालं. पेटंट म्हणजे त्या वापरावर ठरावीक वर्षं एकट्याचा हक्क. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे. ‘आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे’ एवढं सांगून अमेरिकेच्या कायद्यापुढे भागत नव्हतं. छापील पुरावा हवा होता. परिषदेने 32 संदर्भ शोधून काढले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 1953 साली छापलेला एक शोधनिबंधही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. छापून ठेवलेला कागद 44 वर्षांनी देशाच्या कामी आला.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि इथेच हेलियम वायूचा शोध लागला असं सांगतात. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. कागद काय सांगतात? 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतात अनेक ठिकाणी दुर्बिणी लावल्या होत्या. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ दिसली. ती ओळखीच्या सोडियमच्या रेघेशी नीट जुळत नाही, हे पॉगसन यांच्या लक्षात आलं. पण त्यांचा अहवाल इथेच सरकारी कामात छापला गेला आणि जगापर्यंत फारसा पोचला नाही. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा उजेड तपासला. त्यांचं आणि जान्सेन यांचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचलं आणि मान त्या दोघांना मिळाला. पॉगसन यांचं नाव मागे राहिलं.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकयर विजयदुर्गावर खरंच आले होते, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. सोबत मेलपोमेनी या युद्धनौकेवरचे खलाशी होते आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर होते. त्या वेधांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विजयदुर्गाच्या नावासकट छापलेली आहे. हेच लॉकयर ‘नेचर’ या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकाचे संस्थापक. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले आणि त्यांनीही आपला अहवाल छापून ठेवला. विजयदुर्गाचा खरा मान हा असा कागदावर आहे. तो सांगायला आपल्याला कमीपणा कशाला?

आता देशादेशांनी मिळून करायच्या कामाकडे येऊ. समुद्राला कुंपण नसतं, म्हणून त्याचा अभ्यास एकट्या देशाला पेलत नाही. 1960 ते 1965 या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागर पिंजून काढला. त्या मोहिमेच्या मुंबईतल्या हवामान केंद्रात अ‍ॅना मणी या शास्त्रज्ञ बाईंनी काम केलं. त्यानंतर 1 जानेवारी 1966 ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोनापावलाला आहे आणि आपल्या किनाऱ्याचाही अभ्यास करते. दोन गटांनी मिळून कोकम आगळाची ऑर्डर घेतली, तर लेबलवर दोघांचं नाव हवं ना? इथेही तसंच असतं. नमुने आपण दिले आणि नाव फक्त त्यांचं लागलं, तर ती भागीदारी नव्हे.

आज भारताची वही जाडजूड झाली आहे. 2022 साली दोन लाखांहून जास्त शोधनिबंध लिहून भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा आला. अर्थात नुसती पानं मोजून भागत नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिकंही निघाली आहेत. दुसरी अडचण खर्चाची. चांगली नियतकालिकं वाचायला मोठी वर्गणी पडते आणि काहींमध्ये लेख सर्वांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकाकडूनच लाखांत फी घेतात. गरीब देशाला दोन्ही जड जातं. म्हणून केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 ला ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिकं आणि 6,300 हून जास्त सरकारी संस्था. तुमची मुलगी सरकारी महाविद्यालयात शिकत असेल, तर तिला ग्रंथपालांकडे याची चौकशी करायला सांगा.

आणि आपण? कोणत्या ओहोटीला तिसऱ्या मिळतात, कुठल्या कातळावर कालवं धरतात, रापणीला पूर्वी येणारा कोणता मासा आता दिसत नाही, हे ज्ञान आपल्याकडे आहे, पण ते तोंडी आहे. गावात कोणी अभ्यासक आले तर त्यांना जरूर माहिती द्या, पण तीन गोष्टी विचारा. हे कुठे छापणार? त्यात आमच्या गावाचा, गटाचा उल्लेख असेल का? आणि छापल्यावर मराठीत आम्हाला वाचून दाखवाल का?

दुसरं काम ग्रामपंचायतीतलं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुढच्या ग्रामसभेत ती वही मागा. आपल्या खाडीचं, परसातल्या औषधी झाडांचं पान कोरं असेल, तर गटातल्या जाणत्या बायकांना बसवून ते भरून घ्या, सांगणारीच्या नावासकट आणि तारखेसकट. इतिवृत्त लिहायची सवय आपल्याला आहेच.