टोब्रुकचे कैदी आणि इटलीतले शेतकरी

दुसऱ्या महायुद्धातली इटली म्हटलं की आपल्याकडे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आठवतात. १९४४ मध्ये तिथं लढताना ते पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्याआधीच भारतीय जवान इटलीत पोचले होते, ते कैदी म्हणून. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

२१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक जर्मन-इटालियन फौजांनी घेतलं. तीस हजारांहून जास्त सैनिक एका झटक्यात हाती लागले. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही होती. आफ्रिकेत पकडलेले बहुतेक कैदी बोटीत कोंबून इटलीला नेत. भारतीय शिपायांचा एक मोठा कॅम्प डोंगराळ अब्रुझ्झो भागात, अव्हेझ्झानोला होता. अधिकारी वेगळे ठेवत. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम आणि पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले याह्या खान, दोघंही इटलीत कैदेत होते.

कॅम्पात मुख्य दुश्मन भूक. पाव थोडा, सूप पाण्यासारखं. रेडक्रॉसची पार्सलं आली तर माणूस तगायचा. भारतीयांच्या पार्सलात डाळ, पीठ, मसालाही असे. डबे साठवून कुणी पळू नये म्हणून पहारेकरी देतानाच त्यांना भोकं पाडत, म्हणजे लगेच खाऊन टाकावे लागत.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली. तेव्हा तिथं सुमारे ८० हजार दोस्त कैदी होते. आता सुटलो, असं त्यांना वाटलं. पण लंडनहून गुप्त हुकूम आधीच आलेला: आहात तिथंच थांबा, आपली फौज येतेय. फौज लांबच राहिली, जर्मन आधी आले. निम्म्याहून जास्त कैद्यांना रेल्वेच्या मालडब्यात भरून जर्मनीकडे नेलं. हुकूम पाळणारेच अडकले, असं म्हणायला हरकत नाही. फोंतानेल्लातो कॅम्पचा इटालियन कमांडंट व्हिचेदोमिनी याने मात्र सुमारे ६०० जणांना बाहेर जाऊ दिलं. त्याची शिक्षा म्हणून जर्मनांनी त्यालाच पकडून नेलं.

जे निसटले त्यांना सांभाळलं शेतकऱ्यांनी. त्यातले बरेच जण दुसऱ्याची जमीन कसणारे, निम्मं पीक मालकाला देणारे. घरात स्वतःलाच पुरेना. तरी गोठ्यात, गवताच्या गंजीत माणसं लपवली, मक्याच्या पिठाचा घाटा वाटून खाल्ला. द्राक्षं तोडायचे दिवस होते आणि घरचे तरुण पोरगे युद्धावर, त्यामुळे कैदीही रानात राबले. भाषा येत नव्हती, काम येत होतं. गोरा माणूस जुने कपडे घालून गावात खपून जाई. सावळ्या भारतीयाला लपवणं जास्त जोखमीचं. कैदी पकडून देणाऱ्याला जर्मनांनी १,८०० लिराचं बक्षीस लावलं होतं. लपवणाऱ्याचं घर जाळत, गोळीही घालत. हजारो कुटुंबांनी ते बक्षीस घेतलं नाही.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी या कुटुंबांचा शोध घ्यायला खास आयोग नेमला. फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या सहीची प्रशस्तिपत्रं आणि थोडीफार भरपाई दिली. १९८९ मध्ये काही माजी कैद्यांनी ब्रिटनमध्ये ‘माँते सान मार्तिनो ट्रस्ट’ काढला. इटलीतल्या तरुणांना इंग्लंडमध्ये इंग्रजी शिकायला त्यातून शिष्यवृत्ती मिळते.