ब्रिटिश पोलीस: निःशस्त्र परंपरा आणि विश्वासाचा पेच

लंडन, मँचेस्टर किंवा ग्लासगो येथील रस्त्यांवर गस्त घालणाऱ्या बहुसंख्य पोलिसांजवळ आजही पिस्तूल नसते. दंडुका, हातकड्या, बिनतारी संच आणि काहींजवळ विजेचा धक्का देणारे टेसर हे उपकरण, एवढ्याच साधनांवर त्यांचे दैनंदिन काम चालते. नागरिक पोलिसांना आपले मानतात, तक्रार घेऊन ठाण्यात येतात आणि न्यायालयात साक्ष देण्यास पुढे होतात, या गृहीतावर ही व्यवस्था उभी आहे. गेल्या काही वर्षांत या गृहीतालाच तडे गेले आहेत. ब्रिटनमध्ये पोलिसांविषयी सध्या सुरू असलेले बहुतेक वाद वरवर निरनिराळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ विश्वासाच्या या प्रश्नात आहे.

संमतीची कल्पना

तत्कालीन गृहमंत्री सर रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने १८२९ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलाची स्थापना झाली. ब्रिटिश पोलिसांना आजही ‘बॉबी’ म्हटले जाते, ते पील यांच्या रॉबर्ट या नावावरूनच. त्या काळी इंग्रज जनतेला पोलीस दलाची कल्पनाच संशयास्पद वाटत होती. फ्रान्सप्रमाणे येथेही सरकारी हेरांचे राज्य सुरू होईल, अशी भीती व्यक्त केली जात होती. हा संशय दूर व्हावा म्हणून नव्या पोलिसांना लष्कराच्या लाल पोशाखाऐवजी निळा पोशाख देण्यात आला आणि त्यांच्या हाती केवळ दंडुका ठेवण्यात आला.

यातूनच पुढे ‘संमतीने चालणारे पोलीस दल’ हे तत्त्व रूढ झाले. कायदा पाळावा की नाही हे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवावे, असा त्याचा अर्थ नाही. पोलिसांचा अधिकार शासनाच्या धाकातून नव्हे, तर समाजाच्या मान्यतेतून येतो आणि ही मान्यता पोलिसांच्या वागणुकीवर अवलंबून असते, असा त्याचा आशय आहे.

भारतीय वाचकांनी येथे एक भेद लक्षात घेणे उचित ठरेल. इंग्रजांनी आपल्या देशासाठी जो नमुना निवडला, तो भारताला दिला नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यानंतर सर चार्ल्स नेपियर यांनी तेथे उभारलेले पोलीस दल आयर्लंडमधील सशस्त्र, निमलष्करी दलाच्या धर्तीवर होते आणि १८६१ च्या पोलीस कायद्यावरही त्याच नमुन्याची छाप होती. लंडनच्या पोलिसाने शेजाऱ्यासारखे वागावे, तर वसाहतीतील पोलिसाने सत्तेचा वचक राखावा, असा हा दुहेरी न्याय होता. मात्र खुद्द ब्रिटनमधील सर्व नागरिकांना शेजाऱ्याची वागणूक मिळते का, हाच आजच्या वादाचा पहिला मुद्दा आहे.

वंशभेदाचा आरोप आणि झडतीचा अधिकार

२२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या आग्नेय भागातील एल्थम येथे बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने हत्या केली. पोलिसांच्या तपासात गंभीर चुका झाल्या. सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने फेब्रुवारी १९९९ मध्ये या दलात ‘संस्थात्मक वंशभेद’ असल्याचा निष्कर्ष काढला. दोष केवळ काही व्यक्तींच्या मनात नसून संस्थेच्या कार्यपद्धतीत आणि नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांतही असू शकतो, हे त्यात स्पष्टपणे मांडण्यात आले. या खटल्यातील दोन आरोपींना शिक्षा होण्यासाठी जानेवारी २०१२ उजाडावे लागले.

रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा अधिकार हा या वादाचा रोजचा चेहरा आहे. १९८४ च्या कायद्यानुसार अशा झडतीसाठी पोलिसांजवळ सबळ संशय असावा लागतो. १९९४ च्या आणखी एका कायद्यानुसार मात्र हिंसाचाराची शक्यता असलेल्या ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी अशा संशयाविनाही झडती घेता येते. अलीकडच्या अधिकृत आकडेवारीनुसार गोऱ्या नागरिकांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांची झडती होण्याचे प्रमाण सुमारे चौपट आहे. दहापैकी सुमारे सात झडत्यांनंतर पुढे कोणतीही कारवाई होत नाही.

चाकूहल्ल्यांना बळी पडणाऱ्यांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण अधिक असल्याने या झडत्यांमुळे त्यांचेच प्राण वाचतात, असे पोलिसांचे म्हणणे आहे. ज्या वस्तीतील तरुणांना वारंवार भिंतीशी उभे केले जाते, तेथून खुनाच्या तपासात साक्षीदार मिळणार कसे, असा प्रतिप्रश्न टीकाकार विचारतात. हे दोन्ही युक्तिवाद एकाच वेळी खरे असू शकतात आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

रस्त्यावरील गर्दीचे चेहरे संगणकाद्वारे पडताळून पाहणाऱ्या तंत्रज्ञानामुळे या वादाला नवे रूप मिळाले आहे. कोणाची नावे यादीत घालायची आणि कॅमेरे कोठे लावायचे याचे अवाजवी स्वातंत्र्य पोलिसांना मिळत असल्याचे सांगून अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये साउथ वेल्स पोलिसांनी केलेला या तंत्राचा वापर बेकायदा ठरवला. त्यानंतर नियमावलीत सुधारणा झाली आणि वापर वाढत गेला. मात्र २०२५ च्या अखेरीपर्यंत संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नव्हता.

गणवेशातील गुन्हेगार

मार्च २०२१ मधील एका घटनेने विश्वासाला सर्वांत मोठा धक्का दिला. मेट्रोपॉलिटन दलातील सेवेत असलेल्या एका पोलिसाने आपले ओळखपत्र दाखवून, अटकेचा बहाणा करून ३३ वर्षांच्या एका तरुणीचे दक्षिण लंडनमधून अपहरण केले आणि अत्याचारानंतर तिची हत्या केली. त्याला आजन्म कारावासाची शिक्षा झाली. यापूर्वी त्याच्याविरुद्ध अश्लील वर्तनाच्या तक्रारी आल्या होत्या, पण त्यांचा नीट तपास झाला नव्हता, हे लेडी अँजिओलिनी यांच्या चौकशीतून फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आले. त्याच दलातील आणखी एका पोलिसाला २०२३ च्या प्रारंभी अनेक स्त्रियांवरील बलात्कारांबद्दल जन्मठेप झाली. जवळजवळ दोन दशके तो सेवेत राहूनच गुन्हे करीत होता.

बॅरोनेस लुईस केसी यांच्या मार्च २०२३ मधील अहवालाने या दलात संस्थात्मक वंशभेद, स्त्रीद्वेष आणि समलैंगिकांविषयीचा द्वेष असल्याचा निष्कर्ष काढला. मॅकफर्सन अहवालानंतर २४ वर्षांनी ‘संस्थात्मक’ हा शब्द पुन्हा उच्चारला गेला. पोलीस आयुक्त सर मार्क रोली यांनी अहवालातील निष्कर्ष स्वीकारले, परंतु हा शब्द संदिग्ध आणि राजकीय रंगाचा असल्याचे सांगून तो वापरण्यास नकार दिला. शब्दाविषयीचा हा आग्रह क्षुल्लक नाही. दोष व्यक्तींचा मानला, तर काहींना काढून टाकणे पुरेसे ठरते. तो संस्थेचा मानला, तर भरती, पदोन्नती आणि तक्रारनिवारण या सर्वच पद्धती बदलाव्या लागतात.

पोलिसाला काढून टाकणेही सोपे नसते. ब्रिटनमधील कॉन्स्टेबल हा कायद्याच्या दृष्टीने सामान्य नोकरदार नसून राजसत्तेखालील एका पदाचा धारक असतो. त्याला बडतर्फ करण्यासाठी शिस्तभंगाची रीतसर सुनावणी घ्यावी लागते. ज्यांची चारित्र्य पडताळणीची मान्यता काढून घेण्यात आली होती, अशांना त्या आधारावर सेवेतून दूर करण्याचा मार्ग मेट्रोपॉलिटन दलाने अवलंबला. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बेकायदा ठरवला. आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी न देता कोणाची उपजीविका हिरावून घेता येणार नाही, असा या निकालाचा रोख होता. त्यानंतर सरकारने नियमांत बदल केले. नागरिकांचे संरक्षण आणि पोलिसांना मिळावयाचा न्याय यांचा मेळ घालणे किती अवघड आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

बंदूक हाती घेणाऱ्यांची भीती

इंग्लंड आणि वेल्समध्ये शस्त्र बाळगण्याची परवानगी असलेले पोलीस काही हजारच आहेत आणि हे काम ऐच्छिक असते. दरवर्षी हजारो सशस्त्र कारवाया होतात, पण गोळी झाडण्याचे प्रसंग फार थोडे येतात. त्यामुळेच असा प्रत्येक प्रसंग देशव्यापी चर्चेचा विषय बनतो. जुलै २००५ मध्ये लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर स्टॉकवेल स्थानकात ब्राझीलचा एक निरपराध तरुण आत्मघातकी हल्लेखोर समजून मारला गेला. त्या वेळी कोणाही पोलिसावर खटला भरण्यात आला नाही. सुरक्षाविषयक कायद्याखाली संपूर्ण दलाला १ लाख ७५ हजार पौंडांचा दंड झाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण लंडनमध्ये मोटारीत बसलेल्या २४ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. वर्षभरानंतर त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी शस्त्रे हाती घेण्यास नकार दिला आणि लष्कराकडे साहाय्य मागण्याची वेळ आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. क्षणार्धात घेतलेल्या निर्णयाचे वर्षानुवर्षे परीक्षण होणार असेल, तर शस्त्र कोण उचलणार, असा प्रश्न पोलीस विचारतात. मृतांच्या नातलगांना वाटते की पोलिसालाही इतरांप्रमाणेच न्यायालयात उत्तर द्यावे लागले पाहिजे. अन्यथा संमती या शब्दाला अर्थ उरत नाही.

मनुष्यबळ आणि बदललेले गुन्हे

२०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणामुळे इंग्लंड व वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारे २० हजारांनी घटली. २०१९ मध्ये तितक्याच नव्या भरतीची घोषणा झाली आणि मार्च २०२३ पर्यंत ही संख्या १ लाख ४९ हजारांवर पोहोचली. आकडा भरून निघाला, तरी निघून गेलेल्यांचा अनुभव परत आला नाही. दरम्यान गुन्ह्यांचे स्वरूपही बदलले. अधिकृत सर्वेक्षणानुसार नागरिकांना सोसाव्या लागणाऱ्या गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के गुन्हे फसवणुकीचे असतात. यातील बरेच गुन्हेगार परदेशात बसलेले असतात आणि गल्लीत गस्त घालणारा पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

मनोरुग्णांना मदत करण्याचे कामही पोलिसांच्या माथी येऊन पडले होते. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये असे प्रसंग आरोग्य सेवेकडे सोपवण्याची पद्धत सुरू केली आणि नंतर इतर दलांनी ती स्वीकारली. मात्र आरोग्य सेवाही तोकडी पडली, तर संकटातील व्यक्तीकडे कोणीच जाणार नाही, अशी चिंता व्यक्त होत आहे.

४३ दले, उत्तरदायी कोण?

इंग्लंड आणि वेल्समध्ये एक राष्ट्रीय पोलीस दल नसून ४३ प्रादेशिक दले आहेत. लंडनच्या दलात तीस हजारांहून अधिक पोलीस आहेत, तर सर्वांत लहान दलांत हजाराच्या आसपास. २००६ मध्ये त्यांच्या विलीनीकरणाची योजना सरकारला सोडून द्यावी लागली. स्कॉटलंडने मात्र २०१३ मध्ये आपली आठ दले एकत्र केली. आता लंडनमधील सरकारने पुन्हा हा विषय हाती घेतला आहे. स्थानिक जिव्हाळा नष्ट होईल, हा विरोधकांचा जुना आक्षेपही त्याबरोबर परतला आहे.

पोलिसांवर लोकांचा थेट अंकुश असावा म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये बहुतेक दलांसाठी निर्वाचित आयुक्तांची पद्धत सुरू करण्यात आली. पहिल्या निवडणुकीत जेमतेम १५ टक्के मतदान झाले. हे पद मे २०२८ मध्ये रद्द करून जबाबदारी महापौर किंवा स्थानिक लोकप्रतिनिधींकडे सोपवण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. तेथे मुख्य चिंता राजकीय हस्तक्षेपाची होती. ब्रिटनमध्ये ती पोलिसांच्या अंतर्गत संस्कृतीची आहे. मेट्रोपॉलिटन दलावर जून २०२२ मध्ये लादलेली विशेष देखरेख जानेवारी २०२५ मध्ये उठवण्यात आली. कामकाजातील सुधारणा तपासनिसांना मोजता येते. एकटी स्त्री रात्री ओळखपत्र दाखवणाऱ्या पोलिसाजवळ निर्धास्तपणे थांबेल का आणि खून पाहिलेला तरुण ठाण्याची पायरी चढेल का, याचे उत्तर मिळण्यास अधिक काळ लागेल.